शेवटच्या पानाचा मागोवा

१९५२ साली अमेरिकेत औषधांच्या दुकानांतल्या आणि बसस्थानकांवरच्या मांडण्यांमध्ये पाव डॉलरला एक पेपरबॅक कादंबरी विकायला आली. नाव 'स्प्रिंग फायर', लेखक विन पॅकर. हे टोपणनाव होतं. पुस्तक लिहिलं होतं मेरिजेन मीकर नावाच्या पंचविशीतल्या मुलीने. ती स्वतः मुलींच्या बोर्डिंग शाळेत शिकली होती आणि तिथल्याच दिवसांवर तिला लिहायचं होतं. दोन शाळकरी मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात, एवढीच गोष्ट. गोल्ड मेडल मालेचे संपादक डिक कॅरोल यांना विषय पसंत पडला, पण त्यांनी दोन अटी घातल्या. मुली शाळेतल्या नकोत, कॉलेजातल्या हव्यात. आणि शेवट सुखाचा नको.

दुसऱ्या अटीचं कारण टपालखात्यात होतं. १८७३च्या कॉमस्टॉक कायद्याने अश्लील मजकूर टपालातून पाठवणं हा गुन्हा ठरवला होता आणि पुस्तकांचे गठ्ठे तर टपालानेच गावोगाव जायचे. एखादं पुस्तक असल्या प्रेमाची भलामण करतं असं तपासनिसाला वाटलं, तर त्या एका पुस्तकापायी अख्खा गठ्ठा अडकायचा. त्यामुळे 'स्प्रिंग फायर'मधल्या लेडाला शेवटी वेड लागतं, आणि तिची मैत्रीण मिच स्वतःची समजूत घालते की आपलं तिच्यावर कधी प्रेम नव्हतंच. पुस्तकाच्या जवळपास पंधरा लाख प्रती छापल्या गेल्या. पुढे कित्येक वर्षांनी, २००४च्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, मीकरबाईंनी या अटींची हकीकत स्वतःच लिहिली.

आपल्या मनाचा कल कुठे आहे हे चाचपडत शोधणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींच्या कादंबऱ्या आज इंग्रजीत कपाटं भरतील एवढ्या आहेत. या वंशावळीचा मागोवा घ्यायचा तर शेवटच्या पानापासून उलटं जावं असं मला वाटतं. पहिल्या पानावर काय घडावं हे बहुतेक वेळा लेखकाच्या हातात असतं. शेवटच्या पानावर मात्र संपादक, टपालखातं, शाळेची समिती, ग्रंथपाल, न्यायाधीश असे कितीतरी हात असतात. आणि पंधरा वर्षांचा जो मुलगा चोरून ते पुस्तक वाचत असतो, तो मुळात शेवटच्या पानासाठीच वाचत असतो. आपलं पुढे काय होणार, हे त्याला त्या पुस्तकातून कळून घ्यायचं असतं.

मीकरच्या आधीही असे शेवट होतेच. रॅडक्लिफ हॉल यांच्या 'द वेल ऑफ लोनलिनेस' या १९२८च्या कादंबरीत नायिका आपल्या प्रेयसीला स्वतःहून एका पुरुषाच्या हवाली करते आणि एकटी उरते. एवढं दुःख भोगूनही पुस्तक सुटलं नाहीच. इंग्लंडमधल्या न्यायालयाने ते अश्लील ठरवून नष्ट करायला लावलं. अमेरिकेत ते मिळत राहिलं आणि १९५०च्या दशकात नॅन्सी गार्डन नावाच्या एका शाळकरी मुलीच्या हाती लागलं. तिचं स्वतःचं एका मैत्रिणीवर प्रेम होतं. ते पुस्तक तिने जिवाच्या आकांताने वाचलं आणि ठरवलं, की आपल्यासारख्यांची गोष्ट आपण लिहायची आणि ती सुखात संपवायची. हा निश्चय पुरा व्हायला पुढे जवळजवळ तीस वर्षं लागली.

'स्प्रिंग फायर'च्याच साली पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी क्लेअर मॉर्गन या नावाने 'द प्राइस ऑफ सॉल्ट' लिहिली आणि तिच्यात दोन्ही स्त्रिया शेवटी एकत्र येतात. म्हणजे असा शेवट तेव्हाही छापता येत होता. पण तो पुठ्ठ्याच्या बांधणीत, मोठ्यांच्या पुस्तकात आणि टोपणनावाआड. शाळकरी मुलींना तो मिळायला नको, याची काळजी कॅरोल यांच्या पहिल्या अटीने आधीच घेतली होती. मला ही पहिली अट दुसरीपेक्षा जास्त दूरगामी वाटते. वेडाचा शेवट एका पुस्तकापुरता होता. वय वाढवण्याच्या त्या अटीने मात्र शाळेतली मुलगी गोष्टीतूनच उठवली. ती परत यायला चोवीस वर्षं गेली.

दरम्यान कायदा बदलला. लॉस एंजेलिसच्या पोस्टमास्तरांनी समलिंगी लोकांचं 'वन' हे मासिक १९५४ साली टपालात घ्यायला नकार दिला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी १९५८ मध्ये निकाल मासिकाच्या बाजूने लागला. तपासनिसाची भीती तिथे संपायला हवी होती. पण तोवर तो शेवट संपादकांच्या आणि लेखकांच्याही हाताला बसला होता. भीतीपोटी लागलेली सवय पुढे साहित्याची रीत म्हणून मिरवू लागली. अशा प्रेमाचा शेवट असाच होतो, असं लिहिणाऱ्यांना मनापासून वाटू लागलं.

किशोरांसाठी निराळी, खरीखुरी, घरातली भांडणं आणि रस्त्यावरची मारामारी न लपवणारी कादंबरी अमेरिकेत रुजली ती १९६७च्या 'द आउटसायडर्स'पासून. एस. ई. हिंटन यांनी ती शाळेत असतानाच लिहिली होती. दोनच वर्षांत, १९६९ साली, हार्पर अँड रो या प्रकाशनाकडून जॉन डोनोव्हन यांची 'आय'ल गेट देअर. इट बेटर बी वर्थ द ट्रिप' आली. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये पोलिसांविरुद्ध उसळलेला दंगा याच वर्षातला, जूनअखेरचा. कादंबरीच्या पाठीशी उभ्या राहिल्या त्या हार्परच्या बालविभागप्रमुख अर्सुला नॉर्डस्ट्रॉम. 'शार्लट्स वेब' आणि 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' याच बाईंनी संपादित केलेली. मुलांना सगळं कळतं, त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, अशी त्यांची धारणा होती. त्या स्वतः मेरी ग्रिफिथ या जोडीदारणीबरोबर राहत असत.

ही कादंबरी जरा जवळून पाहू. डेव्ही रॉस तेरा वर्षांचा आहे. आईवडिलांचा घटस्फोट झालेला, आजीने वाढवलेला. आजी वारते आणि तो फ्रेड नावाचा आपला डॅक्सहुंड कुत्रा घेऊन न्यूयॉर्कला, दारूच्या आहारी गेलेल्या आईकडे राहायला येतो. नव्या शाळेत डग्लस अल्टशुलर भेटतो. एके दिवशी दोघं फ्रेडशी दंगामस्ती करत जमिनीवर लोळत असतात आणि बोलता बोलता एकमेकांचं चुंबन घेतात. डोनोव्हन यांनी ते इतकं साधं लिहिलंय, की घडून गेल्यावर त्या दोघांइतकेच आपणही गडबडतो. पुढे एकदा आई त्यांना शेजारी शेजारी झोपलेलं बघते आणि आकांत मांडते. डेव्हीच्या वडिलांना बोलावणं धाडते. वडील येतात, मुलाशी शांतपणे, समजुतीने बोलतात. त्याच वेळी आई फ्रेडला खाली फिरवायला नेते, त्याची साखळी सुटते आणि तो गाडीखाली येतो.

डेव्हीची खात्री पटते की फ्रेड आपल्यामुळे मेला. आपण जे केलं त्याची ही शिक्षा. कोणीही त्याला असं सांगितलेलं नाही; हिशोब त्याचा त्यानेच मांडला आहे. तेरा वर्षांचं मूल असंच तर मांडतं. अखेरीस दोन्ही मुलगे पुन्हा बोलू लागतात, अल्टशुलर झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप करायला तयार नसतो आणि पुस्तक जरासं उघडं राहून संपतं. माणूस एकही मरत नाही. डोनोव्हन यांनी मरणाचा हा मुलाच्या मनातला हिशोब दाखवला, आणि माझ्या मते तो खोटा आहे हेही सुचवलं. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी पुस्तकातून उचललं काय, तर मरण.

१९७२च्या इझाबेल हॉलंड यांच्या 'द मॅन विदाउट अ फेस'मध्ये चौदा वर्षांच्या चार्ल्सची मांजर मरते, आणि ज्या शिक्षकावर त्याचा जीव जडलेला असतो तोही पुढे मरतो. १९७४च्या सँड्रा स्कोपेटोन यांच्या 'ट्राइंग हार्ड टू हिअर यू'मध्ये जेफ आणि फिल या दोन मुलांचं प्रेम उघड होतं. आपण तसे नाही हे दाखवायला फिल एका मुलीला घेऊन दारूच्या नशेत गाडी चालवतो आणि दोघंही जागीच संपतात. रोझा गाय यांच्या १९७६च्या 'रूबी'मध्ये हार्लेममध्ये राहणाऱ्या, वेस्ट इंडीजहून आलेल्या कुटुंबातल्या मुलीचं डॅफ्नीवर प्रेम आहे. डॅफ्नी सोडून जाते आणि रूबी जीव द्यायला निघते. मुलींच्या प्रेमावरची पहिली किशोर कादंबरी म्हणून 'रूबी'चं नाव घेतात. घर सोडून आलेल्या माणसांचा एकटेपणा तिच्यात फार खोल उतरला आहे, आणि ती या यादीत केवळ एक नाव म्हणून येऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण शेवट बघितला तर तीही त्याच वाटेने जाते. १९७६ सालीच फ्रान्सिस हँकेल आणि जॉन कनिंगहॅम यांनी ग्रंथपालांच्या एका नियतकालिकात लेख लिहून सरळ प्रश्न केला, की या पुस्तकांत अशा मुलांना सुख कधी मिळणार आहे का. ही पुस्तकं मुलांच्या हाती देणारे लोकच आता विचारू लागले होते.

मराठीत याच सुमारास, १९८१ साली, विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं. स्वातंत्र्यपूर्व काळातलं कॉलेज, सुमित्रा देव ही मुलगी, तिचं नामावर प्रेम, आणि हे सगळं सांगणारा तिचा मित्र बापू. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली होती. नाटकाच्या शेवटी मित्रा आत्महत्या करते. तेंडुलकरांवर टपालखात्याचं दडपण नव्हतं. त्यांचा रोख मित्राला मरणापर्यंत ढकलणाऱ्यांवर आहे, आणि जाणता प्रेक्षक नाट्यगृहातून बाहेर पडताना तो रोख स्वतःकडे वळवून घेतो. तरीही प्रेक्षागृहात मागच्या रांगेत सोळा वर्षांची एखादी मित्रा बसली असेल, तर तिच्यापर्यंत हा रोख पोचेलच असं नाही. आपल्यासारख्या मुलीचं पुढे काय होतं, एवढंच ती घरी घेऊन जाईल. म्हणूनच मोठ्यांच्या वाङ्मयाने पुरत नाही, त्या वयासाठी निराळं लिहावं लागतं, असं माझं मत आहे.

नॅन्सी गार्डन यांनी १९८२ साली ते लिहिलं. 'अ‍ॅनी ऑन माय माइंड'. लायझा आणि अ‍ॅनी, दोघी सतरा वर्षांच्या, पावसाच्या एका दिवशी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भेटतात. एकीची शाळा खासगी, श्रीमंत वस्तीतली. दुसरी साध्या घरातली, गाणारी. दोघी संग्रहालयात सरदार-सरदार खेळतात. सतरा वर्षांच्या मुलींनी असं खेळणं शोभतं का, याची त्या दोघींनाही लाज वाटते आणि तरी त्या खेळतात. प्रेम कसं सुरू होतं ते गार्डन यांनी या खेळातून दाखवलं आहे. सुट्टीत लायझा दोन शिक्षिकांच्या घरी त्यांच्या मांजरींची देखभाल करायला जाते. त्या शिक्षिकाही एकमेकींच्या जोडीदारीण आहेत, हे मुलींना कपाटातल्या पुस्तकांवरून कळतं. तिथेच दोघी पकडल्या जातात. शाळेत चौकशी बसते. लायझा सुटते आणि शिक्षिकांची नोकरी जाते.

शेवटच्या पानांवर लायझा एमआयटीत शिकतेय. ती कितीतरी महिने अ‍ॅनीला पत्र लिहून बघतेय आणि टाकत मात्र नाही. शेवटी ती फोन उचलते. बस, एवढंच. कोणी मेलेलं नाही, कोणाला वेड लागलेलं नाही, कोणी आपलं प्रेम खोटं होतं असं म्हणत नाही. लग्न नाही की घरच्यांचा आशीर्वाद नाही, एक फोन आहे. पण १९२८पासून आलेली रांग डोळ्यांपुढे ठेवली, तर त्या फोनला किती वाट तुडवून यावं लागलं हे समजतं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडन चेंबर्स यांची 'डान्स ऑन माय ग्रेव्ह' आली. तिच्यातला बॅरी मोटरसायकलच्या अपघातात मरतो. पण ते मरण पुस्तकाच्या सुरुवातीलाच आपल्याला ठाऊक असतं, आणि सगळी कादंबरी मागे उरलेल्या हॅलच्या जगण्याची होते. मेलेल्याकडून उरलेल्याकडे नजर वळवणं, ही या शेवटातून सुटण्याची दुसरी वाट.

पुस्तकाचा शेवट गोड झाला म्हणून त्याच्या वाटचालीचा होत नाही. १९९३ साली एका संघटनेने कॅन्सस सिटीच्या परिसरातल्या बेचाळीस शाळांना 'अ‍ॅनी'च्या प्रती भेट दिल्या. तिथल्या शाळामंडळाच्या कार्यालयासमोर एक प्रत जाळण्यात आली. ओलेथी या गावच्या शाळांनी तर भेट नाकारलीच, शिवाय स्वतःच्या वाचनालयांत आधीपासून असलेल्या प्रतीही काढून घेतल्या. त्या प्रती वर्षानुवर्षं तिथे होत्या आणि कोणाची हरकत नव्हती. काही विद्यार्थी आणि त्यांचे पालक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, म्हणजे 'अ‍ॅनी'च्याच जन्मवर्षी, न्यूयॉर्क राज्यातल्या एका खटल्यात म्हटलं होतं की केवळ विचार पटत नाहीत म्हणून शाळामंडळाने वाचनालयातून पुस्तक काढू नये. त्याच्या आधारे नोव्हेंबर १९९५ मध्ये न्यायाधीश थॉमस व्हॅन बेबर यांनी ओलेथीची कारवाई घटनाबाह्य ठरवली. पुस्तक परत कपाटात गेलं. शाळामंडळाला दीड लाख डॉलरहून जास्त खर्च सोसावा लागला.

आणि मेरिजेन मीकर? त्या एव्हाना एम. ई. केर झाल्या होत्या आणि किशोरांसाठी लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या मान्यवर लेखिकांमध्ये त्यांची गणना होत होती. १९८६ मध्ये, एड्सचं नाव घरात काढायला लोक धजत नव्हते त्या दिवसांत, त्यांनी 'नाइट काइट्स' लिहिली. थोरल्या भावाला एड्स झाल्याचं धाकट्याला कळतं, त्या घराची ती गोष्ट. १९९४ मध्ये आली 'डिलिव्हर अस फ्रॉम एव्ही'. मिसुरीतल्या शेतकऱ्याची मुलगी एव्ही ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात वाकबगार आहे, आणि ज्या सावकाराच्या कर्जात शेत अडकलंय त्याच्याच मुलीवर तिचं प्रेम जडतं. दोघी गाव सोडतात आणि न्यूयॉर्कमध्ये एकत्र राहतात. डिक कॅरोल यांच्या अटीला बेचाळीस वर्षं होऊन गेली होती. ज्या बाईला लेडाला वेडी करावं लागलं होतं, तिनेच एव्हीला तिची मैत्रीण मिळवून दिली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त समाधान देणारी गोष्ट हीच आहे.

पुढची चाल वेगाने झाली. २००३ मध्ये डेव्हिड लेव्हिथन यांच्या 'बॉय मीट्स बॉय'ने एक असं गाव उभं केलं जिथे मुलग्याचं मुलग्यावर प्रेम असणं ही बातमीच नाही. काही समीक्षकांना तो स्वप्नरंजनाचा प्रकार वाटला. पण पन्नास वर्षं ज्यांना केवळ दुःस्वप्न दिलं गेलं, त्यांच्यासाठी एक स्वप्न लिहिलं तर त्यात वावगं काय? त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे राज्यांचे कायदे रद्द केले, आणि शाळांमध्ये समलैंगिकतेला 'उत्तेजन' देऊ नये असं सांगणारं १९८८चं कलम २८ इंग्लंडमधूनही हटलं. नॅन्सी गार्डन यांना ग्रंथपालांचा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार मिळाला तोही २००३ मध्येच.

शेवट सुटल्यावर या कादंबऱ्यांना पहिल्यांदाच मधल्या भागाकडे, म्हणजे न कळण्याकडे, निवांत बघता आलं. जुन्या पुस्तकांत शंकेला वेळच नव्हता. शंका आली की अपघात ठरलेला. बेंजामिन अलिरे साएन्झ यांच्या २०१२च्या 'अ‍ॅरिस्टॉटल अँड दांते'मध्ये एल पासो गावातला आरी सगळं पुस्तकभर स्वतःलाच ओळखत नाही. तुझं दांतेवर प्रेम आहे, हे अखेर त्याचे आईवडील त्याला बसवून सांगतात. डेव्हीच्या आईने मांडलेल्या आकांतानंतर त्रेचाळीस वर्षांनी आलेला हा प्रसंग. अ‍ॅलिस ऑसमन यांच्या २०१६ पासूनच्या 'हार्टस्टॉपर' या चित्रकथेत रग्बी खेळणारा निक रात्री संगणकावर स्वतःबद्दलची प्रश्नावली सोडवत बसतो. उत्तर त्याला पटत नाही. त्याला मुलीही आवडतात आणि चार्लीही आवडतो, हे मान्य करायला तो आपला वेळ घेतो. ऑसमन यांच्याच 'लव्हलेस'मधली जॉर्जिया शेवटी या निष्कर्षाला येते की तिला कोणाबद्दलच तसं काही वाटत नाही, आणि हेही चालतं.

मराठीत २००६ साली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आली. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट म्हणून राहिलेल्या तरुणावर भाऊ तनय आणि बहीण अनुजा दोघांचंही प्रेम जडतं आणि तो एके दिवशी निघून जातो. अर्धी कादंबरी तनयची, अर्धी अनुजाची. तनयला प्रेमभंगाचं दुःख आहे, स्वतः असा असल्याचं नाही. त्या वेळी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम जागेवर असूनही. जेरी पिंटोंनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये त्यावर चित्रपटही आला. पुस्तक मात्र मोठ्यांच्या कपाटात राहिलं. शाळेतल्या मुलांसाठी म्हणून या विषयावर लिहिलेल्या भारतीय कादंबऱ्या इंग्रजीतून आल्या, त्या २०१४ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने ३७७ पुन्हा जागेवर आणलं त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पायल धर यांच्या 'स्लाइटली बर्न्ट'मध्ये साहिल आपल्या जिवलग मैत्रिणीला स्वतःबद्दल सांगतो आणि तिला ते कसं पेलावं कळत नाही. हिमांजली शंकर यांच्या 'टॉकिंग ऑफ मुस्कान'मध्ये मुस्कानने जीव द्यायचा प्रयत्न केल्याची बातमी सुरुवातीलाच येते, आणि वर्गातले तिघं जण आपापल्या परीने मागे जाऊन आपण तिच्याशी कसं वागलो ते सांगू लागतात. जुनी पुस्तकं जिथे मिटायची, तिथे हे उघडतं.

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत वाचनालयांतून काढलेल्या पुस्तकांमध्ये अशा मुलामुलींची पुस्तकं मोठ्या संख्येने आहेत. १९५२ मध्ये दुःखी शेवट हा पुस्तकाचा परवाना होता. आता शेवट कसा आहे हे कोणी उघडून बघत नाही, पात्र कोण आहे एवढं पुरतं. टेक्सासमधल्या लानो काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयाने सतरा पुस्तकं काढली, त्यांत एका ट्रान्स किशोरीचं आत्मकथनही होतं. वाचकांनी दावा लावला. मे २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने दहा विरुद्ध सात मतांनी निर्णय दिला, की वाचनालयातून पुस्तकं काढण्याला वाचक माहिती मिळण्याच्या हक्काच्या आधारे आव्हान देऊ शकत नाहीत. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. हा निर्णय टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत लागू आहे. ओलेथी ज्या राज्यात आहे ते कॅन्सस त्याच्या कक्षेबाहेर आहे.